उठ म्हणेपर्यंत

वच्छलाचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं मुलाचे दोन गुण सांगितले होते. एक, तो भिलाईच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. दोन, तो पैलवान आहे. मध्यस्थाच्या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाव्यात असं फार क्वचित होतं. वच्छलाच्या बाबतीत ते झालं. पहिल्या गुणानं घर चाललं आणि दुसऱ्यानं तिच्या नाकी नऊ आणले.

शेषराव खलाशी होता. खलाशी म्हटलं की कुणाला समुद्र आठवेल, पण भिलाईत समुद्र कुठला! तिथं खलाशी म्हणजे साखळ्या, दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंडी तुळया वर चढवणारा, आणि मग त्याच तुळयांवर स्वतः चढून बोल्ट आवळणारा गडी. साठ साली रोलिंग मिलची शेड उभी राहत होती. तिथं साठ-सत्तर फुटांवर शेषराव असा चालायचा, की गावाकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धानाच्या बांधीतलं पाणी बघत निघालाय असं वाटावं. कॅम्पातल्या टिनाच्या चाळीत त्याला एक खोली होती. चाळीमागं त्यानं कुस्तीचा हौद खणून माती भुसभुशीत केली होती, तिच्यात तेल-ताक मुरवलं होतं, आणि रोज सकाळी शंभर दंड नि दोनशे बैठका काढल्याशिवाय तो चहाला शिवत नसे.

त्याच्याकडं औषध एकच होतं, घाम. सर्दी झाली, काढ दंड. अंग मोडून आलं, मार बैठका. शेजारच्या सिंधुताईच्या नवऱ्याचं पोट बिघडलं तर त्यालाही यानं बैठकाच सांगितल्या, आणि त्या बिचाऱ्याची जी फजिती झाली ती चाळ दोन वर्षं सांगत होती. पण ही विद्या शेषरावची स्वतःची नव्हती. आमगावकडच्या त्याच्या गावात सगळे हेच म्हणायचे. रोवणीच्या दिवसांत तिथं कुणाला आजारी पडायची मुभाच नसे. ताप आला की उतर बांधीत, लाव धान, घाम निघाला की संध्याकाळी ताप गेला. आणि बहुतेक वेळा जायचाही, खोटं कशाला बोला!

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी शेषरावला ताप आला. वच्छलानं पडून राहा म्हटलं. त्यानं सांगितलं, आमच्या गावात पडून राहणारा माणूस एकच, तो तिरडीवरचा. ताप वाढला तसा त्यानं बैठकांचा आकडा वाढवला. दोनशेच्या अडीचशे केल्या, अडीचशेच्या तीनशे. अंगातून घाम निघे, तासभर बरं वाटे, दुपारी पुन्हा कपाळावर भाकर भाजावी असं अंग. असे आठ दिवस त्यानं काढले आणि आठही दिवस तो शिडी चढून कामावर गेला. नवव्या दिवशी खाली उतरला तो शिडीच्या शेवटच्या पायरीशीच कोसळला. वरून पडला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला शौचावाटे रक्त जात होतं.

डॉक्टर बंगाली होते. बोलायला शांत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. हा मुदतीचा ताप, टायफॉइड आहे, असं त्यांनी वच्छलाला हिंदीत समजावलं. आतडी आतून भिजलेल्या कागदासारखी झाली आहेत, याला हलू द्यायचं नाही, उठू तर मुळीच द्यायचं नाही, आतडं फाटलं तर मग माझ्या हातात काही नाही. आणि या माणसाला तापात बैठका काढायला सांगितल्या कुणी, असं त्यांनी विचारलं. वच्छला काय सांगणार? साऱ्या गावानं, असं सांगायचं का?

तार गेली तशी सासू आली. रंभाबाई. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, पायात काही नाही, अंगानं काटक. आली ती पोराच्या खाटेजवळ जमिनीवर बसली आणि तिथून हलली नाही. वच्छलाला वाटलं होतं, सासू आली की म्हणणार, घाम काढा याचा. तसं काहीच झालं नाही. सासू बोलतच नव्हती. पोराच्या पोटाकडं बघत बसायची.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. औषधानं ताप जरा उतरला, तर पाचव्या दिवशी दोघी बाया पाणी आणायला गेलेल्या बघून शेषराव खाटेवरून उतरला आणि पायांत जोर उरलाय की नाही बघायला त्यानं दोन बैठका काढल्या. तिसरीला खाली बसलेला असताना दारात रंभाबाई उभी. तिच्या हातातलं भांडं पडलं. तिनं त्याला एका हातानं धरून खाटेवर घातलं, मग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

"शेष्या, आयक. मी माह्या तोंडानं उठ मनत नाही तवरक पाय खाली ठेवशीन, तं माह्यं मेलं तोंड पाहशीन."

आता शपथा काय, लोक उठता-बसता घालतात. पण त्यांच्या गावाकडं मायनं घातलेली आण हा खेळ नव्हता, आणि तिचा एक नियम पक्का होता. जिनं घातली तिनंच सोडायची. तोंडानं घातली, तोंडानंच सोडायची. तो अधिकार डॉक्टरला नाही, बायकोला नाही, देवळातल्या पुजाऱ्यालाही नाही. शेषरावनं मान हलवली आणि तो आडवा झाला. तिथून पुढं तीन आठवडे त्यानं पाय जमिनीला लावला नाही. ताप गेला, रक्त थांबलं. डॉक्टर खूश झाले. असा ऐकणारा पेशंट मी पाहिला नाही, असंही म्हणाले.

जूनअखेर त्याला खाटेसकट उचलून चाळीत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी आठ दिवस पडू दे, मग हळूहळू उठवा. आणि इथंच घोळ झाला. तिकडं पाऊस लागला होता, रोवणी तोंडावर आली होती. रंभाबाईच्या दोन एकर धानाला गडी नव्हता. तिच्या गावच्या बाया आपसात पाळी करायच्या. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. जी दुसरीच्या बांधीत गेली नाही तिच्या बांधीत कुणी येत नसे. रंभाबाईला जाणं भाग होतं. निघताना वच्छलानं हळूच म्हटलं, की आण सोडून जा, आठ दिवसांनी ते उठतील. सासूनं गाठोडं डोक्यावर ठेवलं, पोराकडं पाहिलं, आणि रोवणी झाली की येऊन सोडीन, तवरक पडू दे, एवढं बोलून ती चालू लागली.

आठ दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, उठा. शेषराव उठला नाही.

पंधरा दिवस झाले. उठला नाही.

त्याला आळस नव्हता हो. आळशी माणूस निदान सुखानं पडतो. हा खाटेवर तळमळायचा. आण पायांची होती, हातांची नव्हती, म्हणून पडल्या पडल्या पितळी घागर पाण्यानं भरून शंभर-शंभर वेळा वर-खाली करायचा. त्यामुळं झालं असं की वरचं अंग पैलवानाचं राहिलं आणि खाली मांड्या वाळून हातभर लाकडं झाली. वच्छला त्याला अंघोळ घाली, भांडं देई, पाय चोळी. चोळताना हाताला नुसतं हाड लागे. सिंधुताई येऊन म्हणून गेली, बाप्पा, सव्वा वर्षाचं लेकरूबी एवढ्यात उभं राहाते! आधी चाळ हसली. मग हसायची थांबली, ते वच्छलाला जास्त लागलं.

सिंधुताईनंच एक तोड काढली. पायात चपला घालून उतरा, म्हणजे पाय जमिनीला लागणार नाही अन् आणही मोडणार नाही. वच्छलाला ते पटलं. तिनं चपला आणून खाटेखाली ठेवल्या. शेषरावनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मायले फसवू काय? बाप तं गेलाच माहा. आता माय बी जाऊ देऊ?" तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

त्यानंतर कारखान्याचा कागद आला. शेडचं काम संपत आलं होतं. खलाशांची मोठी टोळी आता कमी होणार होती. जे डॉक्टरी तपासणीत पास होतील त्यांना कारखान्यात कायम घेणार, बाकीच्यांना घरी पाठवणार. शेषरावची तारीख आठ ऑगस्ट होती. त्या दिवशी स्वतःच्या पायांनी जायचं, बसून उठून दाखवायचं, शिडी चढायची. वच्छला कागद घेऊन डॉक्टरांकडं गेली. त्यांनी चष्मा काढला आणि सरळ सांगितलं. ताप गेला, आतडं भरलं, आता पडून राहणं हाच याचा आजार आहे. आज उठला तर आठ ऑगस्टला कसाबसा चढेल. आणखी आठ दिवस असाच पडला तर नोकरीचं सोडा, साधं चालायलाही किती महिने लागतील सांगता येत नाही.

वच्छलानं गावाला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, शाळेच्या मास्तरांच्या अक्षरात: धानाचे पऱ्हे लावणे चालू आहे, झाल्यावर येते, शेषरावास उठू देऊ नये.

त्या शेवटच्या ओळीनं वच्छलाचं डोकं फिरलं. बावीस वर्षांची ती बाई, कधी एकटी दुर्गच्या बाजारालासुद्धा गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सिंधुताईच्या हवाली केलं आणि गोंदियाकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये जाऊन बसली. नवऱ्याला एवढंच म्हणाली की मायकडून आण सोडवून आणीन. शेषरावच्या डोळ्यांत त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. गाडीत वच्छलानं सासूला काय काय सुनवायचं ते सगळं जुळवून ठेवलं. तुमच्या आणेनं पोरगा लुळा होऊन राहिला, तुम्हाला धान प्यारं की लेक, असं बरंच. आमगावला उतरली, कोसभर चिखल तुडवला आणि दुपारी बांधीवर पोचली.

दहा-बारा बाया ओळीनं वाकून धान लावत होत्या. डोक्यावर पोत्याच्या खोळी, पोटरीपर्यंत पाणी. रंभाबाई टोकाला होती आणि मागं पडत होती. वच्छलानं पाण्यात उतरून तिचा दंड धरला आणि तिचा हात पोळला. सासूला सणसणून ताप होता. शेजारची बाई म्हणाली, सहा दिवस झाले, एक दिसाआड हिव भरून येते, आमी मनतो पड, तं आयकत नाही. वच्छलानं विचारलं, पोराला आण घातली अन् स्वतः तापात पाण्यात उभ्या? रंभाबाई वाकलेलीच बोलली, बाईच्या तापाले कोण पुसते, तू पऱ्ह्याची पेंढी दे इकडं.

झालं. वच्छलानं लुगडं खोचलं आणि सासूच्या शेजारी धान लावू लागली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, पण दहा बायांच्या समोर बोलायचं कसं? ती बोलली संध्याकाळी, चुलीपाशी. कारखान्याचा कागद, डॉक्टरांचं म्हणणं, शेषरावच्या मांड्या, सगळं सांगितलं. तुम्ही नका येऊ, तोंडानं नुसतं म्हणा, मी जाऊन सांगते, असंही म्हणाली. रंभाबाईनं चुलीत काटक्या सारल्या.

"तुह्या सासऱ्याले ताप होता," ती म्हणाली. "तिसरा दिवस. त्या दिशी आपली पाळी, बाया येऊन धुऱ्यावर उभ्या, अन् चिखल कराले गडी नाही. मीच मनलं, उठा जी, घाम निघाला का उतरते. ते माह्या तोंडाकडं पाहून उठले. दुपारी नांगरामागंच पडले."

शेषराव तेव्हा सात वर्षांचा होता. बाप तापानं गेला एवढंच त्याला ठाऊक होतं. मग त्याला जन्मभर दंड-बैठका काढू कशा दिल्या, तापात नको म्हणून कधी सांगितलं का नाही, असं वच्छलानं विचारलं. विचारल्यावर तिलाच वाईट वाटलं.

"काय सांगू? तुह्या बापाले मीच उठवलं, असं सांगू?" रंभाबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही, की आवाज चढवला नाही. "एकदा या तोंडानं उठा मनलं, बाई. आता दुसऱ्या डाव नाही निघत. धुऱ्यावर एकटी उभी राहून मनून पाह्यलं मी. शेष्या, उठ. नाही निघत."

वच्छलानं गाडीत जुळवलेलं सगळं भांडण तिथंच विरघळून गेलं. सासू हट्टी नव्हती, सासू भ्यालेली होती, आणि भ्यालेल्या माणसाशी काय भांडता? दुसरा दिवस तिनं सासूच्या वाट्याचं धान लावलं. निदान तेवढा दिवस तुम्ही घरी पडा म्हणून हातापाया पडली. रंभाबाई पडली नाही, ती धुऱ्यावर बसून पेंढ्या फेकत राहिली. तिसऱ्या दिवशी वच्छला परतीच्या गाडीत बसली. रिकाम्या हातानं.

रस्त्यात डोंगरगड येतं. गाडीतून डोंगरावरची देवी दिसते तेव्हा डब्यातले सगळे हात जोडतात. वच्छलानं जोडले नाहीत. तोवर तिचं ठरलं होतं, आणि ते ठरवून देवीसमोर हात जोडायची तिची छाती झाली नाही.

घरी पोचली तेव्हा शेषराव खाटेवर बसूनच होता. दाराकडं डोळे. सिंधुताईनं सांगितलं, सकाळपासून असेच बसले आहेत, भात अर्धा टाकला.

"काय मनली माय?"

"उठ मनली."

मग त्यानं विचारलं, कशी मनली, तिच्या शब्दांत सांग. खोटं बोलणं एका शब्दात भागत असतं तर जगणं किती सोपं झालं असतं! वच्छलानं तांब्यानं पाणी प्यायलं आणि म्हणाली, चुलीपाशी बसल्या होत्या, माझ्याकडं पाहून म्हणाल्या, शेष्याले सांग, उठ बावा आता. शेषराव ढसाढसा रडला. पैलवान माणूस, साठ फुटांवर न घाबरणारा, लेकरासारखा रडला. मग त्यानं दोन्ही पाय खाली ठेवले. वच्छलानं त्याला काखेत धरलं. तो उभा राहिला, थरथरला आणि पुन्हा खाटेवर बसला. पण उभा राहिला होता.

पुढचे पंधरा दिवस त्या चाळीत उस्ताद वच्छला होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं, दमायच्या आधी थांबायचं, ताप किंवा पोटात कळ आली तर त्या दिवशी बंद. पहिल्या दिवशी भिंत धरून दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी नळापर्यंत. पाचव्या दिवशी शेषराव म्हणाला की आज शंभर बैठका मारतो, तर ती हातात लाटणं घेऊन समोर उभी राहिली. आज पाच, सहावी काढली तर जेवण नाही. पाचाच्या दहा झाल्या, दहाच्या वीस. मधल्या एका दिवशी त्याचं पोट दुखलं तर तिनं त्याला दिवसभर आडवं ठेवलं. तो चिडला, नोकरी जाईल म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. कधी उठायचं अन् कधी पडायचं हे त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोजून देत होतं. कुरकुरत का होईना, तो ऐकत होता.

आणि ही बाई? रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की तिच्या हातातलं काम थांबायचं. पोस्टमन पुढं गेला की पुन्हा सुरू. सासूला ताप होता, ती पाण्यात उभी होती, आणि इकडं न सोडलेल्या आणेखाली तिचा लेक रोज पाय खाली ठेवत होता. वच्छला शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. हिवताप डासानं येतो, कुणाच्या पाय खाली ठेवण्यानं कुणी मरत नाही, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? एकदा तार खरंच आली, ती चार घरं पलीकडं, कुणाच्या तरी बदलीची. पण लाल सायकल चाळीशी थांबलेली पाहिली तेव्हा वच्छला मोरीत जाऊन बसली आणि सिंधुताईनं हाका मारल्या तरी बाहेर आली नाही. तिला खात्रीच झाली होती, की मी मारलं. नवऱ्याचे पाय वाचवायला सासूला मी मारलं. त्या दिवसांत तिचं वजन उतरलं, आणि शेषराव तिलाच म्हणायला लागला, की तुला बरं नाही, तू पड.

आठ ऑगस्टला शेषराव पायी गेला. बसला, उठला, शिडी चढला. वरच्या पायरीवर त्याच्या पोटऱ्या लटपटल्या, पण तो थांबला, श्वास घेतला आणि उतरला. कागदावर शिक्का पडला. चाळीत पेढे वाटले गेले. वच्छलानं पेढा हातात धरला आणि सिंधुताईच्या लेकीला देऊन टाकला.

रंभाबाई आली ती रोवणी आटोपून, त्यानंतर आठवड्यानं, दुपारची. भिलाईच्या पावर हाऊस टेसनावरून गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आली. शेषराव पहिली पाळी करून परतला होता आणि नळावरून दोन बादल्या भरून आणत होता. वच्छला दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. सासू जिवंत दिसली तेव्हा तिला आनंद झाला आणि भीतीही वाटली. हात सुपातच राहिला.

शेषरावनं बादल्या खाली ठेवल्या, मायच्या पायांवर डोकं टेकवलं.

"तू सोडली तं उठलो पाहा, माय. नोकरी बी पक्की झाली. तू उठ मनली नसती तं संपलोच होतो."

आता सगळं त्या म्हातारीच्या जिभेवर होतं. मी कधी सोडली, एवढं जरी तिच्या तोंडून निघालं असतं तरी शेषरावनं बायकोवर पुन्हा विश्वास ठेवला नसता. आणि तीन आठवडे आपण मायच्या जिवावर पाय ठेवून चाललो, हे त्याला जन्मभर पुरलं असतं. रंभाबाईनं आधी पोराच्या पायांकडं पाहिलं. पोटऱ्या, गुडघे, मांड्या, सावकाश. मग सुनेकडं पाहिलं. वच्छलानं मान खाली घातली नाही. घालावी असं तिला वाटलं, पण झालं नाही.

"हो," रंभाबाई म्हणाली. "मीच मनलं ना तिले."

शेषराव बादल्या उचलून आत गेला. रंभाबाई दारात सुनेशेजारी टेकली. तिनं सुपातले दोन खडे काढून बाहेर टाकले.

"माह्या तोंडानं नसतं झालं, बाई. तुह्या तोंडानं झालं," ती हळूच म्हणाली. वच्छलाला तेव्हा रडू फुटलं, आणि सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो कापडातूनही गरम लागला.

एक दिसाआडचा तापच होता तो. आज त्याचा दिवस होता, आणि त्यात ही बाई टेसनापासून ओझं घेऊन चालत आली होती. वच्छलानं डोळे पुसले, खाट अंथरली आणि पडा म्हणाली. रंभाबाईनं विचारलं, भर दिवसा? लोक काय मनतीन? मग म्हणाली, जरा पाठ टेकतो. आणि टेकली. तिला झोप लागली ती हाक मारली तरी जाग येईना अशी.

शेषराव हातपाय धुऊन आला आणि दारातच थबकला. आपली माय दिवसाउजेडी आडवी झालेली त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. वच्छलानं सांगितलं, ताप आहे, जाऊन डॉक्टरांना विचारून औषध आणा, हिव भरून येतं एक दिसाआड म्हणून सांगा.

त्यानं सदरा अंगात घातला, बटणं लावली नाहीत, आणि चाळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन तिथून पुढं तो पळायला लागला.